वाचलं तर वाचलं

गणपतीची सुट्टी संपवून ऑफिसात आलो, त्याच दिवशी आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने आपला लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं, "सर, हे पी.पी. म्हणजे काय? आणि काढून टाकू का?"

पहिल्या प्रश्नाने मी म्हातारा झालो आणि दुसऱ्याने घाबरलो.

पी.पी. हा काय प्रकार होता हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकाच घरी. बाकीची बिऱ्हाडं नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, विम्याच्या फॉर्मवर बिनदिक्कत त्याच घरचा नंबर देत आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहीत. 'पर्टिक्युलर पर्सन' असा त्याचा विस्तार आहे म्हणे. आमच्याकडे तो कुणी कधी विचारला नाही. आमच्यासाठी पी.पी. म्हणजे तळमजल्यावरच्या काकू. त्यांचा फोन वाजला की त्या जिन्यात येऊन हाक मारत. वरून कुणीतरी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत धावत खाली येई. काकूंच्या घरची मंडळी टीव्हीचा आवाज बारीक करत. आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून, असा आमचा बरीच वर्षं समज होता. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून, हे पुढे कळलं.

मी हे सगळं त्या मुलीला रंगवून सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे शेजाऱ्यांचं वाय-फाय वापरतात तसं?"

"अगदी तसंच," मी म्हटलं, "फक्त पासवर्डच्या जागी काकूंचा मूड."

आता तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला हवं. आमचं खातं विमा आणि पेन्शनच्या नोंदी सांभाळतं. प्रत्येक खातेदाराची एक नोंद. नाव, पत्ता, जन्मतारीख, वारस, घरचा फोन, ऑफिसचा फोन, फॅक्स, पेजर आणि पी.पी. फोन. ज्या काळात हा प्रोग्राम लिहिला गेला त्या काळाचा हा ग्रुप फोटोच आहे. पुढच्या रांगेत ऐटीत बसलेला पेजर आज कुठे आहे कुणास ठाऊक. तारखात्याने तर जुलै २०१३ मध्ये शेवटची तार घेतली आणि दुकान मिटलं. पण आमच्या नोंदीत सगळे जिथल्या तिथे हजर. रकाने रिकामे, तरी जागा अडवून.

अशा नोंदी साठवायची जावा भाषेची एक रीत आहे. प्रोग्राम चालू असताना नोंद ही संगणकाच्या स्मरणात मांडलेल्या भरल्या ताटासारखी असते. ते ताट आहे तसं, चटणीच्या जागी चटणी आणि कोशिंबिरीच्या जागी कोशिंबीर ठेवून, सपाट करून फाइलमध्ये घालायचं. हवं तेव्हा बाहेर काढलं की पुन्हा ताट तयार. पायथॉन भाषेवाल्यांनी या उद्योगाला सरळ 'पिकल', म्हणजे लोणचं म्हटलंय. हे नाव मला फार आवडतं, कारण सगळा घोळ त्या नावातच आहे. लोणच्याची कृती तुम्ही यंदा बदललीत, मेथी कमी केलीत, हिंग वाढवलात, तरी गेल्या वर्षीची बरणी जुन्या कृतीचीच असते. ती उघडल्यावर घरातल्यांना खाता आली पाहिजे.

जावाची बरणी उघडली तर पहिले दोन बाइट दिसतात 'एसी ईडी'. हल्लीच्या दिवसांत फाइल उघडताच ईडी दिसली की छातीत जरा धस्स होतं, पण ही ईडी निरुपद्रवी. 'हे लोणचं जावाचं आहे' एवढंच ती सांगते. पुढे कुठल्या प्रकारची नोंद आहे त्याचं नाव, मग एक लांबलचक आकडा, मग रकान्यांची नावं, मग मजकूर. हा आकडा म्हणजे त्या नोंदीच्या साच्याचा शिक्का. तो तुम्ही स्वतः लिहून ठेवला नसेल तर जावा साच्याकडे बघून स्वतःच काढते, आणि साच्यातला एक रकाना जरी काढला तरी आकडा बदलतो. म्हणजे घरातला एक पाट हलवला की वास्तुशास्त्रवाल्याने अख्खं घर नवीन ठरवावं, तसं.

हे मला माहीत नव्हतं. पंधराएक वर्षांपूर्वी, अंगात स्वच्छतेचा उत्साह असताना, मी साच्यातून पी.पी. फोन काढून टाकला होता. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चाललं, कारण माझ्या मशीनवरच्या नोंदी मीच आदल्या दिवशी केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडले आणि एकही जुनी नोंद उघडेना. प्रत्येक ठिकाणी एकच तक्रार: साचा जुळत नाही. ज्या माणसांनी कधी पी.पी. फोन दिलाही नव्हता त्यांच्या नोंदीसुद्धा रुसून बसल्या. ज्याचा उपयोग कुणालाच नाही असं एक पान मी वहीतून फाडलं आणि वहीची शिवणच उसवली.

आमच्या वरिष्ठ मॅडम शांतपणे माझ्या शेजारी येऊन बसल्या. तक्रारीच्याच ओळीत दोन आकडे छापलेले होते, फाइलमधला आणि आमच्या नव्या साच्याचा. जावाचं हे मला आवडतं. रागावते, पण रागावताना उत्तरही सांगून टाकते. मॅडमनी फाइलमधला जुना आकडा उचलून साच्यात हाताने लिहिला. एवढं केल्यावर जावाचा राग निवळला. आता फाइलमध्ये एखादा रकाना जास्त सापडला तर ती तो गुपचूप बाजूला ठेवते आणि एखादा कमी सापडला तर तिथे रिकामी वाटी मांडते.

मी हुश्श केलं. मॅडमनी केलं नाही. त्या म्हणाल्या, "अरे, ती बाजूला ठेवते म्हणजे टाकून देते. ही नोंद कुणी उद्या उघडून पत्ता बदलला आणि परत साठवली, की पी.पी. नंबर गेला. समजा त्या माणसापर्यंत पोचायचा आपल्याकडे तेवढा एकच धागा असेल तर?"

मग त्यांनी मला रीत शिकवली. एखादी गोष्ट काढायची असेल तर आधी ती लिहिणं थांबवायचं. वाचणं चालू ठेवायचं. जुन्या नोंदीत पी.पी. सापडला तर तो नंबर उचलून 'इतर संपर्क' या नव्या रकान्यात ठेवायचा, आणि नोंद परत साठवताना जुना रकाना मोकळा सोडायचा. नोंदी जसजशा उघडल्या जातील तसतशा आपोआप नव्या होत जातील. शेवटची जुनी नोंद नवी झाली की मग वाचणंही थांबवायचं. या सगळ्याला कोडच्या आठ ओळी लागल्या. काढून टाकण्यासाठी आठ ओळी वाढवाव्या लागल्या याचं मला हसू आलं. मॅडम म्हणाल्या, "घर आवरतानाही आधी पसारा वाढतोच."

पुढे वाचनात आलं की या रीतीचे आजोबा वेगळेच आहेत. इंटरनेटच्या बांधणीतले एक मोठे कारागीर जॉन पोस्टेल यांनी १९८० साली टीसीपीच्या मसुद्यात संगणकांना एक शिस्त घालून दिली होती. तिचा मथितार्थ असा: आपण बोलताना काटेकोर बोलावं, दुसऱ्याचं ऐकताना मन मोठं ठेवावं. ही शिस्त मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना कुणी न शिकवता आली आहे. १९९६ मध्ये व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. पाट्या, तिकिटं, उद्घोषणा सगळीकडे नवं नाव आहे आणि ते तसंच हवं. पण माझी मावशी दादरला टॅक्सीत बसून "व्हीटी" म्हणते तेव्हा टॅक्सीवाला तिला खाली उतरवत नाही. मीटर टाकतो आणि निघतो.

आपल्या भाषेनेही हे करून दाखवलंय, आणि तेही फार मोठ्या प्रमाणावर. आजीची जुनी पत्रं माझ्याकडे आहेत. त्यांत 'नांव', 'पांच', 'घरीं', 'मीं', 'करूं' असे टिंबांचे सडे पडलेले आहेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही उच्चारात नसलेली टिंबं लेखनातून उठवली. ज्यांच्यामुळे अर्थ ठरतो ती, अनेकवचनाची वगैरे, राहिली. म्हणजे 'मुलाने' आणि 'मुलांनी' यांतला फरक शाबूत ठेवून बाकीचे रकाने काढले. आज कुणी 'नांव' लिहिलं तर शिक्षक लाल रेघ मारतात. पण आजीचं पत्र वाचताना अडतं का कुणाचं? टिंब दिसतं, डोळा त्याला 'ये, बैस' म्हणतो आणि पुढे जातो. लिहिणाऱ्यांनी सोडलं, वाचणाऱ्यांनी सोडलं नाही.

मोडीच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही एकदम सोडलं, आणि तिथे माझ्यासारखाच घोटाळा झाला. पेशवाईपासूनचे कागद गठ्ठ्यांत सुखरूप आहेत. शाई शाबूत, कागद शाबूत, पण उघडणाऱ्याला 'साचा जुळत नाही' अशीच तक्रार ऐकू येते. २०१४ मध्ये मोडीची अक्षरं युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकात तिला जागा मिळाली. आता वाचणारी माणसं तेवढी हवीत. घरातला एखादा मोडी कागद वाचून घ्यायचा असला की जाणकार शोधत हिंडावं लागतं आणि तो सांगेल तेव्हा जावं लागतं. पूर्वी वैद्याकडे जात तसं.

लिहिणं थांबवून वाचणं राखायची कला सरकारी दप्तराला येते, हे कबूल करायला मला जड जातं, पण सातबारा हातात घेतला की करावं लागतं. आमच्या गावच्या तुकड्याचा जुना हस्तलिखित उतारा आईच्या ट्रंकेत आहे. आजोबा गेल्यावर तलाठ्याने त्यांचं नाव खोडलं नव्हतं. त्याने नावाला कंस केला, खाली वारसांची नावं लिहिली आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकून त्याला गोल केला. 'कंस केला' हा महसुलातला अधिकृत वाक्प्रचारच आहे. आमच्याकडे माणसं स्वर्गवासी होत नाहीत, कंसात जातात. आजोबांचा मालकी हक्क संपला, पण ते होते, जमीन त्यांच्याकडून आमच्याकडे आली आणि कुठल्या फेरफाराने आली, हे कुणालाही वाचता येतं. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. आता कंसाऐवजी अशा नोंदीवर आडवी रेघ येते, आणि जुने फेरफार क्रमांक वेगळ्या चौकटीत जातात. रेघ नावाच्या मधून जाते, पण नाव दिसतं. नवा उतारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "कंसात बरे होते. आता पांघरुणासारखी रेघ ओढलीये."

कुणी म्हणेल, डेटाबेसात तर रकाना एका आज्ञेत उडवता येतो. येतो, असं दिसतं खरं. पोस्टग्रेस नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसला 'हा रकाना काढ' म्हटलं की तो नम्रपणे 'काढला' म्हणतो. आत जाऊन बघितलं तर रकाना जागेवरच असतो. त्याच्यावर 'वगळला' अशी खूण केलेली असते, आणि त्याचं नाव पुसून तिथे आठ टिंबं, मधे 'पीजी ड्रॉप्ड' व त्याचा क्रमांक, पुन्हा आठ टिंबं असं एक अनाम नाव दिलेलं असतं. कारण जुन्या ओळी त्याला धरूनच मांडलेल्या असतात. तो हलला तर सगळ्यांना सरकावं लागेल. एका टेबलात फार तर १६०० रकाने मावतात, आणि त्या मोजणीत हे निवृत्त रकानेही धरतात. रिटायर झाल्यावरही क्वार्टर न सोडणारे साहेब सगळ्या खात्यांत असतात, त्याला डेटाबेस तरी अपवाद का असेल?

रिकाम्या झालेल्या जागेवर लगेच दुसऱ्याला बसवू नये, हा धडा आम्हाला शेजारच्या खात्याने दिला. त्यांच्या प्रोग्रामात रकाने नावांनी नव्हे, नंबरांनी ओळखले जात. चार नंबर पी.पी. फोनचा. तो रिकामा झालाय असं समजून एका उत्साही माणसाने तो 'हप्त्याच्या स्मरणासाठी फोन' या नव्या कामाला दिला. नव्या नोंदी ठीक होत्या. जुन्या नोंदींतला चार नंबर मात्र पूर्वीचंच बोलत होता. महिनाअखेरीस यंत्राने आपल्या गोड आवाजात फोन लावले, आणि ज्यांचा हप्ता थकला होता त्यांच्या शेजाऱ्यांना ती बातमी तपशीलवार, रकमेसकट कळवली. एका सोसायटीत त्यावरून वार्षिक सभा झाली म्हणतात. माझा विश्वास आहे. टीव्हीचा आवाज बारीक केलेला असणार.

प्रोटोबफ या गूगलच्या साठवणीच्या पद्धतीत यावर सोय आहे. रकाना काढला की त्याचा नंबर 'राखीव' म्हणून लिहून ठेवायचा. पुढे कुणी तो वापरायला गेला की प्रोग्राम तयारच होत नाही. ही सोय क्रिकेट मंडळाकडे वेळेवर असती तर आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरचा त्रास वाचला असता. २०१७ मध्ये श्रीलंकेत तो १० नंबरची जर्सी घालून उतरला आणि लोक खवळले. पोराने गुन्हा काय केला होता? मोकळा दिसला तो नंबर घेतला. पण लोकांच्या मनातल्या जुन्या नोंदींत १० या रकान्यात सचिनच होता, आणि त्या नोंदी कुणीही नव्या करून घेतलेल्या नव्हत्या. शार्दूल पुढे ५४ नंबर घालून खेळू लागला.

आता खरं सांगायचं तर हे ताट सपाट करून साठवण्याचं प्रकरणच मुळात चुकलं, असं खुद्द जावाच्या घरातलेच लोक म्हणतात. जावाचे मुख्य शिल्पकार मार्क राइनहोल्ड यांनी २०१८ साली ती १९९७ मधली घोडचूक असल्याचं जाहीर कबूल केलं. त्या वाटेने चोर घरात शिरतात, ही त्यातली मोठी तक्रार. पण चूक कबूल केली म्हणून काढता येते थोडीच? त्या चुकीत जगभरच्या लोकांचे जन्ममृत्यू, हप्ते आणि वारस नोंदवलेले आहेत. संसारातही अशा काही चुका असतात. त्या सुधारायच्या म्हटल्या तर आधी मुलांना विचारावं लागेल.

तर, त्या आठ ओळी. मॅडमनी त्यांच्यासोबत आणखी एक ओळ लिहायला लावली होती. जुन्या साच्यातली नोंद वाचली गेली की एक आकडा वाढवायचा. महिन्याच्या शेवटी तो आकडा बघायचा. तो शून्यावर आला की आठ ओळी काढायच्या. सुरुवातीला तो हजारांत होता, मग शेकड्यांत, मग बोटांवर मोजण्याइतका. मॅडम निवृत्त झाल्या त्या वर्षी तो सलग काही महिने शून्य राहिला. मी ओळी काढायला घेतल्या, आणि नोव्हेंबरात तो एक झाला.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अकरा महिने शून्य, नोव्हेंबरात एक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. कुणी एक पेन्शनर दर वर्षी काउंटरवर येऊन आपण आहोत हे दाखवून जातो. त्याची नोंद वाचली जाते, 'हयात' हा शेरा दुसऱ्या वहीत पडतो, आणि मूळ नोंद न बदलता मिटली जाते. बदलतच नाही म्हणून ती नवी होत नाही. त्याचं नाव मी बघितलेलं नाही. ते माझं काम नाही आणि तशी मुभाही नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की कधीकाळी त्याने फॉर्मवर शेजाऱ्यांचा नंबर दिला होता आणि कंसात पी.पी. लिहिलं होतं.

एक छोटा प्रोग्राम लिहून ती नोंद रातोरात नव्या साच्यात बसवता येईल, हे कुठलाही जाणकार सांगेल. मीही दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा दुसरं तातडीचं काम निघालं. ते मी शोधून काढलं होतं असा माझ्यावर आरोप झाल्यास मी बचाव करणार नाही.

हे सगळं ऐकल्यावर त्या मुलीने 'काढून टाकू का' हा प्रश्न परत विचारला नाही. लॅपटॉप उचलला आणि जागेवर गेली. संध्याकाळी बघितलं तर आठ ओळींच्या डोक्यावर तिने मराठीत टीप लिहिली होती: 'पी.पी. म्हणजे शेजाऱ्यांचं वाय-फाय. काढू नये. माणूस आहे.'

आपल्या भाषेत एखादं पत्र वाचतात आणि एखादा माणूस वाचतो, दोन्हीला क्रियापद एकच. याचं मला लहानपणी परीक्षेपुरतं कौतुक होतं. आता दर नोव्हेंबरात वाटतं, ज्याने कुणी हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले, त्याने जुन्या नोंदी सांभाळल्या असणार.

यंदा नोव्हेंबर अर्धा उलटला तरी आकडा शून्यच होता. आम्ही दोघांनीही त्याबद्दल बोलायचं टाळलं. जेवणाच्या सुट्टीत ती उगाच एकदा स्क्रीन ताजी करून बघायची, आणि मी बघितलं नाही असं दाखवायचो. गेल्या आठवड्यात, दुपारचा चहा यायच्या सुमारास, ती खुर्चीतूनच ओरडली, "सर, आला!"

"कोण आला?"

"आपला पर्टिक्युलर पर्सन."